मुरगळ पुस्तिका : कामाच्या नोंदी

३ जून
आराखडा ठरला. सोळा पानांची पुस्तिका आणि भिंतीवर लावायचा एक तक्ता. वाचणारे म्हणजे मैदानावर शिकवणारे प्रशिक्षक, शाळेतले क्रीडाशिक्षक आणि ज्यांच्या घरात कुणीतरी पाय मुरगळून बसलंय अशी माणसं. फिजिओथेरपीची बाजू मी लिहिणार, अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टर मजकूर तपासणार, चित्रं चित्रकार मैत्रीण काढणार. पहिली वाचक म्हणून एक क्रीडाशिक्षिका आहेत, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. प्रत्येक पान वाचून कुठे अडलं ते त्या सांगणार.

पहिल्याच बैठकीत मी एक आग्रह धरला. मुरगळीवरची बहुतेक पत्रकं बर्फापाशी सुरू होतात आणि बर्फापाशीच संपतात. सूज उतरली की उपचारही संपले असं रुग्ण धरून चालतो, आणि काही महिन्यांनी तोच पाय घेऊन पुन्हा येतो. म्हणून पहिल्या आठवड्यानंतरच्या काळाला भरपूर पानं द्यायची. डॉक्टरांचं म्हणणं, हाड मोडलंय की नाही याला सर्वांत आधी आणि ठळक जागा हवी. दोघांचंही खरं आहे. दोन्ही ठेवलं आणि बर्फाला एक पान दिलं.

६ जून
मुरगळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे पान लिहिलं.

लिगामेंट हा एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. सांधा त्याच्या मर्यादेपलीकडे वळला की हा पट्टा ताणला जातो किंवा फाटतो. स्नायू लचकतो तेव्हा दुखणं मांसल भागात असतं आणि तो स्नायू आवळला की कळ येते. लिगामेंटची इजा सांध्यापाशी दुखते, आणि ज्या दिशेने सांधा वळला होता त्या दिशेला पुन्हा झुकवला की कळ उठते. मैदानावर एवढा फरक ओळखता आला तरी बरंच काम झालं.

इजेच्या तीन पायऱ्या लिहिल्या. पहिलीत धागे ताणले जातात, सूज थोडी असते, माणूस चालू शकतो. दुसरीत पट्टा अर्धवट फाटतो; सूज आणि काळंनिळं दोन्ही येतं, वजन टाकताना जीव जातो. तिसरीत पट्टा पूर्ण तुटतो आणि सांधा सैल पडतो. इथे एक गोष्ट मुद्दाम ठळक केली. दोरखंड अर्धा उसवला की उरलेल्या पिळांवर सगळा ताण येतो, पुरता तुटला की ताणायला काही उरतच नाही. म्हणून पूर्ण तुटलेल्या लिगामेंटचं दुखणं कधीकधी अर्धवट फाटलेल्यापेक्षा कमी असतं. "फार दुखत नाही, म्हणजे फार लागलं नाही" या हिशेबावर कुणी विसंबू नये.

उदाहरण घोट्याचंच घेतलं, कारण सर्वांत जास्त मुरगळतो तोच. बाहेरच्या बाजूचं हाड आतल्यापेक्षा खाली उतरलेलं असतं आणि आतल्या बाजूचं लिगामेंट जाड, पंख्यासारखं पसरलेलं असतं. त्यामुळे पाय बाहेरच्या मानाने आत सहज वळतो. चवडा खाली झुकलेला असताना तळवा आत वळला की बाहेरच्या तीन लिगामेंटपैकी पुढचं सर्वांत आधी जातं. जोर जास्त असेल तर मधलं. मागचं क्वचितच.

९ जून
आज हाडाचं पान. पुस्तिकेतलं सर्वांत जबाबदारीचं पान हेच.

"बोटं हलतायत, म्हणजे हाड शाबूत" हे वाक्य प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. बोटं हलवणारे स्नायू पोटरीत आणि पावलात असतात. घोट्याचं हाड मोडलेलं असतानाही ते बोटं हलवू शकतात. तसंच "चालता येतंय म्हणजे मोडलं नाही" हेही नेहमी खरं नसतं. बारीक तडा गेलेल्या पायावर माणसं घरापर्यंत चालत गेलेली मी पाहिली आहेत.

मग तपासायचं कसं? कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली याच प्रश्नावर साधे नियम मांडले. घोटा दुखतोय म्हणून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे काढला जायचा आणि बहुतेक एक्स-रेंमध्ये काहीच निघायचं नाही. एक्स-रेची खरी गरज कुणाला आहे हे त्यांना हाताने तपासून ठरवता यायला हवं होतं. घोट्याच्या भागात दुखत असेल आणि पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल, तर एक्स-रे काढायचा :

बाहेरच्या घोट्याच्या टोकावर किंवा त्याच्या मागच्या काठावर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, हाडावर दाबल्यावर दुखणं. आतल्या घोट्यावर तसंच दुखणं. किंवा इजा झाली तेव्हा आणि नंतर तपासताना, दोन्ही वेळा चार पावलं टाकता न येणं. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर आणखी दोन जागा पाहायच्या : करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर हाताला लागणारा उंचवटा, आणि आतल्या घोट्याच्या पुढे कमानीच्या माथ्यावरचं हाड.

बाईंनी विचारलं, "लंगडत टाकली पावलं तर मोजायची का?" मोजायची. दोन्ही पायांवर दोन-दोनदा वजन देता आलं की चार पावलं झाली, लंगडत का होईना. पण खांद्यावर हात टाकून चाललेलं धरायचं नाही.

नंतरच्या कितीतरी अभ्यासांत या नियमांच्या हातून मोडलेलं हाड सुटल्याची उदाहरणं फारच थोडी निघाली. उलट बाजूने ते तितके काटेकोर नाहीत. नियमात बसणाऱ्या बऱ्याच जणांचं हाड शेवटी शाबूतच निघतं. आम्हाला ते चालेल.

डॉक्टरांनी खाली एक चौकट जोडायला लावली. माणूस नशेत असेल, डोक्याला मार असेल, दुसरीकडे मोठी इजा असेल किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर हे नियम लावायचे नाहीत, थेट डॉक्टरांकडे न्यायचं. सांधा वेडावाकडा दिसत असेल, बोटं गार किंवा पांढुरकी पडली असतील, बधिर झाली असतील, हाड कातडीतून डोकावत असेल, तर नियमांचा विचारही करत बसायचं नाही. आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णालय गाठायचं. वाकडा सांधा ओढून सरळ करायचा नाही.

१२ जून
चित्रं. मैत्रिणीने पहिल्या चित्रात अंगठा घोट्याच्या पुढच्या खळगीत दाखवला होता. जवळजवळ सगळे तिथेच दाबतात, कारण सूज तिथे असते आणि दुखतंही तिथेच. पण ती जागा लिगामेंटची. तिथे दुखलं तर मुरगळ, एवढंच कळतं.

मग माझ्याच पायावर दाखवलं. अंगठा बाहेरच्या घोट्याच्या खालच्या टोकावर ठेवायचा. तिथून मागे वळून हाडाच्या मागच्या काठाने हळूहळू वर सरकवत न्यायचा, जेमतेम चार बोटांच्या रुंदीइतका. काठ कातडीखाली कडक, सरळ लागतो. त्याच्या मागे मऊ खाच असते. दाब काठावर पडला पाहिजे, खाचेत नको. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचं. हाड मोडलेलं असेल तर एका ठरावीक बिंदूवर भुवया आक्रसतात. नवं चित्र आता बरोबर जमलंय, बाणासकट.

१७ जून
बर्फाचं पान. एकच पान, पण वाद याच्यावरच सर्वांत जास्त झाला.

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं हे चौकडीचं सूत्र अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली लोकांपुढे ठेवलं आणि ते जगभर गेलं. पुढे मर्किन यांनीच आपलं मत बदललं : दाह हा भरून येण्याचाच भाग आहे आणि बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं लांबू शकतं. २०१२ साली सूत्रात "विश्रांती"च्या जागी "संरक्षण आणि योग्य तेवढा भार" आलं. या बदलाचं मला मनापासून पटलेलं कारण असं, की पाय पूर्ण टांगून ठेवला तर स्नायू आठवड्यात रोडावतात आणि सांधा आखडतो.

मग बर्फ काढूनच टाकायचा का? नाही. बर्फाने दुखणं कमी होतं, हे पुरेसं कारण आहे. पण तो दुखण्यावरचा उपाय म्हणून लिहिला, बरं करणारा म्हणून नाही. ओल्या कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन-तीन तासांच्या अंतराने. कातडीवर थेट कधीच नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, जो हाडाचा गोळा लागतो त्याला वळसा घालून एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो. तिथे बर्फ दाबून बांधला तर पाऊल वर उचलता न येण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

पहिले दोन-तीन दिवस शेकायचं नाही, चोळायचं नाही, मद्य घ्यायचं नाही, धावायचं नाही. "चोळायचं नाही" मोठ्या अक्षरात घेतलं. मुरगळलेला पाय दिसला की कुणीतरी पुढे सरसावून तो चोळू लागतं, ओढून "बसवतं". मदत करण्याची कळकळ खरी असते. पण ताज्या फाटलेल्या धाग्यांना आणि रक्त झिरपणाऱ्या बारीक नसांना त्याचा त्रासच होतो.

२० जून
क्रेप बँडेजची चाचणी, बाईंच्या ओळखीच्या प्रशिक्षकांबरोबर. बहुतेकांनी घोट्यापासून सुरुवात केली आणि वर गेले. त्यामुळे सूज खाली पावलात उतरते. सुरुवात बोटांच्या मुळाशी, मग घोट्याभोवती इंग्रजी आठचा आकडा, टाच झाकत वर पोटरीपर्यंत. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. ताण खाली जास्त, वर कमी.

बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या, बधिरपणा, निळसर बोटं दिसली तर सोडून सैल बांधायचं. झोपताना काढून ठेवायचं. पाय उंच ठेवणं म्हणजे हृदयाच्या पातळीच्या वर. समोरच्या स्टुलावर पाय ठेवून खुर्चीत बसल्याने ते साधत नाही.

२६ जून
बाकीचे सांधे. घोट्याइतकं सविस्तर शक्य नाही, पण फसवणाऱ्या जागा सांगायलाच हव्यात.

मनगटाने सर्वांत जास्त जागा खाल्ली. हात टेकून पडलं की मनगट दुखतं, किंचित सुजतं, आणि "मुरगळलं असेल" म्हणून सोडून दिलं जातं. अंगठा ताणून धरला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोन दोरांमध्ये एक खळगी पडते. तिथे दाबल्यावर दुखलं तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेमध्ये ते दिसेलच असं नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी हात आधारपट्टीत ठेवून साधारण दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाकडून होतो. मधे तुटलं की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो, आणि दुर्लक्ष झालं तर मृत होऊ शकतो. बाईंनी हे वाचून लगेच विचारलं, "मग मनगट मुरगळलं असं आम्ही म्हणायचंच नाही का?" डॉक्टरांचं उत्तर : खळगीत दुखत नसेल तरच म्हणा.

बोटावर चेंडू आदळला आणि शेवटचं पेर खाली लोंबतंय, स्वतःहून सरळ होत नाही, तर ती मुरगळ नाही. पेर सरळ करणारा दोर तुटलाय. त्याला सहा ते आठ आठवडे पट्टी लावून अखंड सरळ ठेवावं लागतं; मधे एकदाही वाकू द्यायचं नाही. नुसतं मधल्या पेराचं लिगामेंट दुखावलं असेल आणि सांधा पक्का असेल तर शेजारच्या बोटाशी बांधून लवकर हालचाल सुरू करतात.

गुडघा : वळताना "कट्" आवाज आला आणि दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचल्याची दाट शक्यता, आणि गुडघ्याच्या आतलं पुढचं क्रूसिएट लिगामेंट तुटलेलं असू शकतं. सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत येणारी सूज वेगळी. वेळ विचारायला विसरू नये.

मुलं : वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ असा थर, असते आणि ती बऱ्याचदा लिगामेंटपेक्षा कमकुवत असते. मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटेल अशा झटक्याने मुलाची कूर्चा सरकू शकते. मूल वजन टाकत नसेल किंवा हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर वाट पाहायची नाही.

आणि सांधा सुजलाय, लाल आणि गरम आहे, ताप आहे, पण पडल्याचं-आपटल्याचं काही आठवत नाही? मग मुरगळीचं पान मिटा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

४ जुलै
ज्या पानांसाठी हे सगळं चाललंय ती आज लिहिली.

फाटलेलं लिगामेंट भरून येताना पहिले काही दिवस दाहाचे. मग साधारण सहा आठवडे नवे धागे भराभर विणले जातात, पण ते कसेही, सगळ्या दिशांना. त्यांना वळण लागतं ते सांध्यावर येणाऱ्या मोजक्या ताणामुळे. पुढची घडण कित्येक महिने, कधी वर्षभरही चालते. म्हणजे सूज उतरते तेव्हा काम नुकतंच सुरू झालेलं असतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी बारीक संवेदनाग्रं असतात. लिगामेंट फाटताना तीही दुखावतात. मग खड्ड्यात पाऊल पडतं, पाय आत वळू लागतो, आणि तो सावरणारे नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा जागे होतात. १९६५ साली इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाय वारंवार "दगा देतो" याची सांगड या हरवलेल्या जाणिवेशी घातली आणि डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांनंतर आठ आठवडे घरच्या घरी तोलाचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी भरलं. त्यासाठी ना यंत्र लागतं, ना रोज दवाखान्यात यावं लागतं. इतका स्वस्त उपाय असून तो लोकांपर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पानांवर क्रम असा ठेवला. दुखणं सोसवेल तसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाऊल वर-खाली हलवणं, अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवणं. चालताना टाच आधी टेकायची, मग चवडा. लंगडण्याची सवय लागू द्यायची नाही, त्यासाठी लागली तर कुबडी घ्यायची. पुढे भिंतीला हात लावून पोटरीचा ताण, रबरी पट्ट्याला पाऊल अडकवून बाहेर ढकलणं, चवड्यांवर उभं राहणं. दोन्ही पायांवर न दुखता उभं राहता आलं की एका पायावर ३० सेकंद. ते जमलं की डोळे मिटून. ते जमलं की उशीवर उभं राहून चेंडू झेलणं. आठवड्यांची बंधनं मुद्दाम घातली नाहीत. एक पायरी जमली की पुढची.

डॉक्टरांनी एक ओळ वाढवली : तिसऱ्या पायरीच्या इजेत सुरुवातीचे काही दिवस, दहाच्या आत, घोटा पक्क्या आधारात ठेवल्याने फायदा होतो, त्यानंतर मात्र हालचाल हवीच. आणखी एक : पहिल्या दिवशी सुजेमुळे आणि दुखण्यामुळे सांधा सैल आहे का हे नीट कळत नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावं.

११ जुलै
बाईंनी वरच्या वर्गातल्या खेळाडूंना कच्ची पानं वाचायला दिली. त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं : परत कधी खेळू?

तारीख द्यायची नाही, कसोटी द्यायची, असं ठरवलं. दुखऱ्या पायाची हालचाल चांगल्या पायाइतकी आहे का? एका पायावर उड्या मारताना दोन्ही पाय सारखे वाटतात का? सरळ धावणं, मग आठच्या आकड्यात धावणं, मग अचानक दिशा बदलणं, हे सगळं न दुखता आणि न बिचकता जमतं का? बिचकणंही मोजायचं. एक मुलगी म्हणाली, "बाई, दुखत नाही, पण भरवसा वाटत नाही." तिचं हे वाक्य मी तिच्या परवानगीने तसंच पानावर घेतलं, कारण भरवसा न वाटणं हीसुद्धा तपासायची खूण आहे.

१८ जुलै
औषधांची अर्धी चौकट. पॅरासिटामॉल, किंवा डायक्लोफिनॅकचं मलम, जे कातडी फाटलेली नसेल तर वरून लावता येतं आणि पोटाला त्रासही कमी देतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय नाहीत. मात्रा छापली नाही. ती डॉक्टर किंवा औषधविक्रेता सांगेल. गोळीने दुखणं दाबून त्याच दिवशी खेळायला उतरायचं नाही, ही ओळ बाईंच्या सांगण्यावरून.

२४ जुलै
आधारपट्टा कायम वापरला तर पाय कमजोर होतो का, हे प्रशिक्षक हमखास विचारतात. खेळताना वापरल्याने तसं होत असल्याचं दिसत नाही, आणि आधी मुरगळलेल्या घोट्यावर पट्टा बांधून किंवा टेपिंग करून खेळणाऱ्यांचा पाय पुन्हा कमी वेळा मुरगळतो. व्यायामही करा, पट्टाही वापरा, असं लिहिलं.

३० जुलै
शेवटचं मुद्रितशोधन. मागच्या पानासाठी "पुन्हा डॉक्टरांकडे कधी" ही चौकट राहिली होती, ती भरली. पाच-सात दिवसांत दुखणं आणि चालणं अजिबात सुधारलं नाही तर. पोटरी दुखते, सुजते, गरम लागते तर लगेच, कारण शिरेत रक्ताची गाठ असू शकते. सहा आठवड्यांनंतरही घोटा खोलवर दुखतो, अडकतो किंवा वारंवार दगा देतो तर. तेव्हा सांध्याच्या आतली कूर्चा दुखावलेली असू शकते, किंवा घोट्याच्या वर दोन हाडांना जोडणारं लिगामेंट फाटलेलं असू शकतं. ते भरायला नेहमीच्या मुरगळीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि सुरुवातीला ते बऱ्याचदा नजरेतून सुटतं.

तक्त्यावर व्यायामांचा भाग आता अर्ध्याहून जास्त जागा घेतो. डॉक्टरांनी सही करून प्रत पाठवली. छपाई सोमवारपासून.